मुक्या चिपचा दुभाषी

साधनांचा इतिहास लिहिताना आपण सहसा जन्माची नोंद करतो. यंत्र कोणी बनवले, कोणत्या साली, पेटंट कोणाच्या नावावर. ते पुढची वीस वर्षे चालते कोणी ठेवले, याची नोंद क्वचितच सापडते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही उणीव फार मोठी आहे. सॉफ्टवेअर स्वतः झिजत नाही. पण भोवतालची यंत्रे बदलत जातात आणि कोणी हात फिरवला नाही, तर चांगला चाललेला प्रोग्रामही निकामी होतो. ‘ओपनओसीडी’ या साधनाच्या निमित्ताने देखभालीचा हा अलिखित इतिहास थोडा उलगडून पाहायचा आहे.

आधी पार्श्वभूमी. धुलाई यंत्र, विजेचे मीटर, टीव्हीचा रिमोट, स्कूटरवरची आकडे दाखवणारी पट्टी, या सगळ्यांत मायक्रोकंट्रोलर असतो. नखाएवढ्या चिपमध्ये प्रोसेसर आणि स्मृती दोन्ही. तिला पडदा नाही, कळफलक नाही. आतला प्रोग्राम अडला, तर कुठे अडला हे सांगायला तोंडच नाही. मग प्रोग्राम लिहिणारा एखादा दिवा लुकलुकवून अंदाज बांधत बसे. दुसरा मार्ग महागडा होता: चिप काढून तिच्या जागी तिची हुबेहूब नक्कल करणारे ‘इन-सर्किट एम्युलेटर’ बसवायचे. त्याची किंमत हजारो डॉलरांत जाई.

या मुक्या चिपला वाचा मिळाली ती जरा आडवाटेने. १९८५ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांपुढे वेगळीच अडचण होती. सर्किट बोर्डांवर भागांची दाटी इतकी वाढली की सांधे नीट जुळले आहेत का, हे सुई टेकवून तपासणे अशक्य होऊ लागले. त्यासाठी कंपन्यांचा एक गट स्थापन झाला, ‘जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप’, म्हणजे जेटॅग. त्यांची पद्धत १९९० मध्ये आयईईई ११४९.१ या नावाने प्रमाणित झाली. चार तारा, त्यांवरून एकामागून एक जाणारे बिट आणि सोळा अवस्थांचे एक छोटे यंत्र, एवढाच तिचा पसारा. पुढे चिप बनवणाऱ्यांच्या लक्षात आले की याच चार तारांवरून प्रोसेसरला थांबवता येईल, त्याची स्मृती वाचता येईल, ‘अमुक ओळीवर आलास की थांब’ असे बजावता येईल. सांधे तपासण्याची वाट अशी दोष शोधण्याची वाट झाली. सोय मात्र मोजूनमापून होती. एआरएम-७ प्रोसेसरमध्ये अशा थांब्यांसाठी हार्डवेअरची दोनच एकके होती.

आता प्रश्न दुभाष्याचा होता. संगणकाच्या बाजूला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा दोषशोधक होताच, तोही मुक्त. पण त्याची भाषा वेगळी आणि चिपच्या तारांची वेगळी. मधली जागा व्यापारी साधनांनी धरली होती. जर्मनीतील आउग्सबुर्गच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात डोमिनिक राथ या विद्यार्थ्याने २००५ मध्ये पदविकेच्या प्रबंधासाठी हाच दुभाषी लिहिला आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला केला. संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायची साधी केबल किंवा स्वस्तातला यूएसबी अडॅप्टर घ्यायचा. बाकी काम हा प्रोग्राम करी. नाव ठेवले ‘ओपन ऑन-चिप डीबगर’.

जन्मकथा इथे संपते आणि सहसा इतिहासही इथेच संपतो. प्रबंधाचा विषय एआरएम-७ आणि एआरएम-९ एवढाच होता. पण साधन फुकट आणि खुले म्हटल्यावर जो तो आपापल्या चिपसाठी त्यात भर घालू लागला. जानेवारी २००९ मध्ये ०.१.० ही आवृत्ती निघाली आणि फेब्रुवारी २०१० पर्यंत ०.४.० आली होती. त्याच काळात एक कसोटीचा प्रसंग आला. बहुतेक स्वस्त यूएसबी अडॅप्टरांमधल्या चिपसाठी निर्मात्या कंपनीची लायब्ररी बंदिस्त होती. ती जोडून तयार केलेला प्रोग्राम वाटणे जीपीएलच्या अटींत बसत नव्हते. वापरणाऱ्यांना, विशेषतः विंडोजवाल्यांना, ती हवी होती. सांभाळणाऱ्यांनी सोय बाजूला ठेवून परवाना पाळला. पुढे यूएसबीवरून त्या चिपशी थेट बोलणारा खुला ड्रायव्हर लिहिला गेला. सोर्स कोड पहिल्यांदा जिथे ठेवला होता, ती जर्मनीतील ‘बर्लिओस’ ही सेवाही २०१४ मध्ये बंद पडली. पण त्याआधीच सांभाळणाऱ्यांनी सामान दुसरीकडे हलवले होते. अशा स्थलांतरांचा इतिहास कोणी लिहीत नाही. पण ती वेळेवर झाली नसती, तर लिहायला काही उरले नसते.

देखभाल म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणाने सांगतो. ‘काइनेटिस’ मालिकेच्या मायक्रोकंट्रोलरांत फ्लॅश स्मृतीच्या १०२४ व्या पत्त्यापासून १६ बाइटांची एक जागा राखीव आहे. चिपला कुलूप लावायचे की नाही, ते तिथे ठरते. तिथे चुकीचे बिट पडले, तर कुलूप लागते आणि सगळे पुसून नव्याने सुरुवात करण्याची वाटही बंद होते. चिप कायमची बाद. म्हणून ओपनओसीडीमध्ये अशी तजवीज आहे की वापरणाऱ्याच्या फाइलमध्ये काहीही असो, त्या १६ बाइटांत मुद्दाम सांगितल्याशिवाय ते लिहिले जाऊ नये. अशी चार ओळींची काळजी लिहायला ज्ञान लागते आणि दुसऱ्याची तपासायला त्याहून अधिक. शिवाय तपासणाऱ्याकडे ती चिप असेलच असे नाही. बोर्ड शेकडो, आणि वाचणारे मोजके, तेही बहुतांशी फावल्या वेळात.

याचा ताण आकड्यांत दिसतो. ०.१०.० ही आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये आली आणि ०.११.० मार्च २०२१ मध्ये. मध्ये चार वर्षांहून अधिक काळ. त्या काळात काम थांबले नव्हते, बदल येत होते, तपासले जात होते. पण ते सगळे नीट बांधून ‘ही घ्या आवृत्ती’ म्हणायला लागणारी सवड आणि बळ अपुरे पडले. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ दोष सापडला, तेव्हा मोजक्या माणसांवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरची जगभर चर्चा झाली. ओपनओसीडीच्या वाट्याला असा स्फोट आला नाही, त्यामुळे चर्चाही आली नाही.

कंपन्यांना मात्र थांबता येत नाही. नवी चिप बाजारात येते त्या दिवशी तिचे दोषशोधन चालायलाच हवे. म्हणून एस्प्रेसिफने आपली वेगळी प्रत ठेवली, रिस्क-फाइव्हच्या मंडळींनी आपली. मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ प्रोसेसरचा साधनसंचही या रिस्क-फाइव्ह घराण्यातलाच, आणि त्यातही हाच दुभाषी आहे. जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड आला, तेव्हा वापरणाऱ्यांना कंपनीची स्वतंत्र प्रत घ्यायला सांगण्यात आले. त्याच्या चिपसाठीचा आधार मूळ प्रकल्पाच्या अधिकृत आवृत्तीत आला तो ०.१२.० मध्ये, जानेवारी २०२३ ला. म्हणजे दोन वर्षांनी.

यात कंपन्यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. परवान्याने वेगळी प्रत काढण्याची मुभा दिली आहे आणि अनेक कंपन्यांचे अभियंते मूळ प्रकल्पालाही बदल पाठवतात. पण हिशेब पाहावा लागेल. चिप विकली जाते, अभियंता पुढच्या चिपकडे वळतो आणि त्याने दिलेला ड्रायव्हर मूळ प्रकल्पात राहतो. दहा वर्षांनी ती चिप एखाद्या गिरणीच्या यंत्रात चालूच असते आणि तिच्यासाठीच्या ओळी शाबूत ठेवणारा माणूस त्या कंपनीच्या पगारावर नसतो. देणाऱ्याचे काम एकदाचे असते, सांभाळणाऱ्याचे रोजचे.

अठरा वर्षांनंतरच्या आवृत्तीचा आकडाही शून्यानेच सुरू होतो. ‘१.०’ म्हणजे काम पुरे झाले, अशी समजूत असते. इथे ते पुरे होण्यातले नाही. विहीर खणणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते आणि दर उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्यांचे नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र निदान एक सोय आहे: प्रत्येक बदलापाशी तो कोणी केला आणि कोणी तपासला, हे तारखेनिशी लिहिलेले असते. म्हणजे दप्तर तयार आहे. ते उघडून वाचणारे इतिहासकार अजून यायचे आहेत.