लोणासुराची बाजू

देव-असुरांचे युद्ध ही जिंकणाऱ्यांनी सांगितलेली हकीगत आहे, म्हणून ती हरलेल्याच्या बाजूने पुन्हा वाचली पाहिजे, ही रीत मराठीत पक्की केली जोतीराव फुले यांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून एकेक अवतार सोलला जातो. मत्स्य आणि कच्छ हे होड्यांतून आलेल्या टोळ्यांचे म्होरके ठरतात. नरसिंह हा सिंहाचे सोंग घेऊन हिरण्यकश्यपूला दग्याने मारणारा. पाताळात घातलेला बळी तिथे रयतेचा राजा होतो, आणि ओवाळताना बायाबापड्या आजही त्याच्याच राज्याची वाट पाहतात. फुल्यांनी लावलेल्या अनेक व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रात टिकत नाहीत. ही गोष्ट सांगतो कोण, हा त्यांचा प्रश्न मात्र टिकला. बुलढाणा जिल्ह्यातले सत्यशोधक पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ मध्ये फुल्यांचे चरित्र लिहिले, आणि या जिल्ह्यात तो प्रश्न विचारायला लोणारसारखी जागा नाही.

लोणारची दंतकथा अशी: लोणासुर जमिनीखालच्या विवरात राहून लोकांना छळत होता. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, असुराच्या दोन बहिणींना भुलवले, त्यांच्याकडून ठिकाण काढून घेतले आणि पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले. झाकण ढाकेफळजवळ पडले. असुराच्या रक्ताचे सरोवर झाले. लोणार गावातल्या चालुक्य-यादवकालीन देवळातला विष्णू या असुराच्या अंगावर उभा आहे. त्या देवाचे नाव दैत्यसूदन, म्हणजे दैत्याला मारणारा. देवाची ओळखच हरलेल्याच्या मरणावरून ठरली. असुराच्या छळाबद्दल कथा मोघम बोलते, त्याला मारण्याची युक्ती मात्र तपशिलाने सांगते. आणि दगा झालेल्या बहिणींचे पुढे काय झाले, याची तिला फिकीर नाही.

इथे एक सावधगिरी हवी. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टवर उल्का आदळून झाले, आणि ‘लोण’ म्हणजे मीठ. असुराचे नाव खाऱ्या पाण्यातूनच आले असावे. म्हणून लोणासुराला खरा राजा मानणे धाडसाचे. जेत्याची कथा कशी घडते ते पाहायला खरी लढाई हवी, आणि तीही याच जिल्ह्यात आहे.

११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याचा पराभव केला. मुबारिजखान दिल्लीच्या मुघल बादशहाच्याच फुशीने चालून आला होता, आणि तो लढाईत पडला. निजामाने त्याचे शिर बादशहाकडे धाडले आणि बंड मोडल्याबद्दल बादशहाचेच अभिनंदन केले. बादशहाचा माणूस एका निरोपाने बंडखोर ठरला. गावालाही फत्तेखेर्डा हे नवे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी ते बसले नाही. गाव आजही साखरखेर्डाच आहे.