सॅमनची डावी-उजवी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा मला मनापासून बरे वाटले. कारण मंडळाचे एक देणे माझ्याकडे राहून गेले होते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी अमेरिकेतील एका ताटाची गोष्ट रंगवून सांगितली होती आणि पुष्कळ भगिनींना ती आवडलीही होती. पुढे चार पुस्तके चाळली तेव्हा ध्यानात आले की, त्या गोष्टीतला मुख्य भागच खरा नव्हे. चूक चारचौघींत केली, तेव्हा दुरुस्तीही चारचौघींतच व्हावी.

गोष्ट अशी. माझी लेक मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. 4 जुलै हा तिकडचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी शेजारच्या एका आजीबाईंनी आम्हांला जेवायला बोलावले. ताटात मंद पाण्यात शिजवलेला सॅमन मासा. त्यावर लोणी, मैदा व दूध यांचा दाट पांढरा सॉस, त्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. शेजारी हिरवे मटार आणि लिंबाएवढे कोवळे बटाटे. आपल्या ताटाला डावी बाजू असते, उजवी असते. येथे ना चटणी, ना कोशिंबीर! न राहवून मी विचारले, "या माशाबरोबर नेमके हेच का?" आजीबाई अभिमानाने म्हणाल्या, "1776 साली पहिल्या स्वातंत्र्यदिनी ॲबिगेल ॲडम्सबाईंनी आपल्या यजमानांना हेच वाढले होते." हे यजमान म्हणजे पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स.

हीच गोष्ट मी तुम्हांला सांगितली. पण 4 जुलै 1776 रोजी जॉन ॲडम्स फिलाडेल्फियात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर करणाऱ्या सभेत होते. आणि ॲबिगेलबाई तेथून सुमारे 500 किलोमीटर दूर, मॅसॅच्युसेट्समधील आपल्या घरी. त्या दिवशी त्यांनी यजमानांना काही वाढणे शक्यच नव्हते. त्या महिन्यात त्या खरोखर काय करत होत्या, ते मात्र सांगण्यासारखे आहे. देवीच्या साथीचे दिवस होते. चारही मुलांना घेऊन त्या बॉस्टनला गेल्या आणि मुलांसह स्वतःही देवी टोचून घेतल्या. जेनरची लस निघण्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. टोचून घेणे म्हणजे जिवाशीच खेळ होता. 18 जुलैला बॉस्टनच्या सरकारी इमारतीच्या सज्जातून जाहीरनामा वाचला गेला, तो त्यांनी गर्दीत उभे राहून ऐकला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी यजमानांना पत्र लिहून नव्या कायद्यांत स्त्रियांची आठवण ठेवण्यास बजावले होते. अशा बाईला आपण आठवतो कशासाठी, तर तिने न वाढलेल्या माशासाठी!

मग त्या ताटाची जोडी जमवली कोणी? उत्तर सोपे आहे: ऋतूने. भोगीच्या भाजीत गाजर, हरभरा, वालपापडी आणि वांगीच का, याचे उत्तर पौष महिन्याच्या मळ्यात मिळते, तसेच हे. सॅमन हा नदीत जन्मणारा, समुद्रात वाढणारा आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परतणारा मासा. (इंग्रजांनी आपल्या रावसाला 'इंडियन सॅमन' म्हटले खरे, पण रावस निराळ्या कुळातला.) न्यू इंग्लंडच्या नद्यांत तो वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी चढे. मटाराला थंडी सोसते, म्हणून बर्फ सरताच एप्रिलमध्ये तो पेरत. जुलैच्या आरंभी शेंगा भरत. त्याच वेळी पातळ सालीचे पहिले बटाटे उकरण्याजोगे होत. कोंबड्या अंडी घालत असत आणि गाईला हिरवा चारा असे. नदीला मासा आला तेव्हा परसात जे होते, ते घरातल्या बाईने त्याच्या शेजारी वाढले. त्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणूनच एक मोठे नाव मागाहून चिकटवावे लागले असेल, असे मला वाटते.

एका बाईचे नाव मात्र राहिले आहे. 1796 साली कनेक्टिकट नदीकाठच्या हार्टफर्ड गावी अमीलिया सिमन्स यांचे पाकपुस्तक छापले गेले. अमेरिकन लेखणीतून उतरलेले ते पहिले पाकपुस्तक मानतात. मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला 'अमेरिकन अनाथ' म्हणवले आहे. गोड्या पाण्यातल्या माशांत त्यांनी सॅमनला पहिला मान दिला. आणि दैव पाहा! दोनच वर्षांनी, 1798 साली, त्याच नदीवर वरच्या अंगाला टर्नर्स फॉल्स येथे बांध पडला. माशाची माहेरची वाट अडली, आणि थोड्याच वर्षांत त्या नदीतला सॅमन नाहीसा झाला. 1837 मध्ये मेन राज्यातील केनेबेक नदीवर ऑगस्टा येथे, 1848 मध्ये मेरिमॅक नदीवर लॉरेन्स येथे बांध झाले. लॉरेन्सच्या बांधाच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या चालल्या, हजारो बायकांना काम मिळाले. म्हणजे दोष कोणा एकाला देण्याजोगा नाही. पण माशाने किंमत मोजली, हे खरे.

केनेबेककाठचे ह्यूम बंधू आणि त्यांचे सोबती हॅपगुड पश्चिमेला कॅलिफोर्नियात गेले आणि 1864 साली सॅक्रॅमेंटो नदीवर त्यांनी सॅमन डब्यात भरण्याचा धंदा सुरू केला. पुढे पॅसिफिक किनाऱ्याचा हा डबाबंद मासा देशभर पोहोचला. मटार व बटाटे घरचे, आणि मासा मात्र हजारो कोसांवरचा!

मेनच्या पेनॉब्स्कॉट नदीत थोडा सॅमन टिकला होता. 1912 पासून हंगामातला पहिला मासा राष्ट्राध्यक्षांना भेट पाठवण्याची प्रथा पडली. ती 1992 नंतर बंद झाली. आज अमेरिकेत अटलांटिक सॅमनचे रानवट वाण मेनच्या थोड्याच नद्यांत उरले असून ते संरक्षित आहे. बाजारात मिळतो तो पाळीव. तरी आशेची एक गोष्ट आहे. ऑगस्टाचा तो बांध 1 जुलै 1999 रोजी फोडण्यात आला, आणि 2013 पर्यंत पेनॉब्स्कॉटवरील खालचे दोन बांधही निघाले.

आता मला आजीबाईंचे ते ताट निराळे दिसते. नदीतला मासा गेला, पण तोंडीलावण्यांनी आपली जागा सोडली नाही. तो मासा कोणत्या महिन्यात यायचा, हे त्या मटारांनी आणि बटाट्यांनी दोनशे वर्षे लक्षात ठेवले. सॅमनबरोबर काय वाढावे, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन: त्या आठवड्यात मंडईत जे कोवळे व ताजे आले असेल, ते. मूळच्या सुगरणींनी तेच केले होते.

आणि भगिनींनो, आपल्या सासू-आजेसासूंनी कोणत्या भाजीशेजारी काय वाढले व का, ते वहीत नावानिशी लिहून ठेवा. नाहीतर उद्या कोणी आपल्या ताटाचे श्रेय एखाद्या राणीसाहेबांना देईल, आणि माझ्यासारखी एखादी ते हळदीकुंकवात खरे म्हणून सांगेल!