माळ्यावरची झोप

स्मरणिका समितीने मला "इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं. सोसायटीचा इतिहास म्हणजे नोंदणी, पाण्याची टाकी आणि पार्किंगची भांडणं. ते सगळं अध्यक्षांच्या मनोगतात येईलच. मी वेगळ्या गोष्टीचा इतिहास लिहितो आहे: वाढत्या वयाच्या मुलाने घरात झोपायचं कुठे? पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जी मुलं शाळेत जात होती, त्यांचीच मुलं आता आठवी-नववीत आहेत. खोल्या मात्र तेवढ्याच. म्हणून वर झोपायचं आणि खाली अभ्यासाचं टेबल, असा उंच पलंग करून घ्यायचं सध्या बऱ्याच घरांत चाललं आहे. आमच्याही घरात चाललं आहे.

ही कल्पना परदेशातून आली असं तरुण मंडळींना वाटतं. माझं गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. माझ्या लहानपणी तिथे धाब्याची घरं होती. लाकडी तुळया, वर मातीचं सपाट छत. पोराला स्वतंत्र अंथरूण नसायचं; एका वाकळेत तिघं-चौघं. बाज असायची ती म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यासाठी, नाहीतर बाळंतिणीसाठी. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की तो आपोआप बाहेर पडायचा. पावसाळ्यात ओसरीवर, उन्हाळ्यात शिडी लावून धाब्यावर. आणि शाळू हुरड्यात आला की राखणीला माळ्यावर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार मेढी जमिनीत रोवायच्या, त्यावर आडवी लाकडं, वर कडबा अंथरायचा, डोक्यावर जमलं तर छप्पर. दिवसा तिथे उभं राहून गोफण फिरवायची, रात्री घोंगडी पांघरून तिथेच झोपायचं. आयुष्यात 'माझी जागा' म्हणावी अशी मला मिळालेली पहिली जागा तीच. खाली कोण आलं, कोण गेलं, ते आपल्याला दिसायचं आणि आपण कुणाला दिसत नव्हतो.

मुलींचं तसं नव्हतं. ती माजघरात आजीच्या कुशीला झोपायची, ती थेट लग्न होईपर्यंत. तिला ना धाबं, ना माळा.

(आता गावातही कुणी उघड्यावर झोपत नाही. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात संध्याकाळ झाली की दारं लागतात.)

आमच्या भागातले पुष्कळ लोक पोटापाण्यासाठी मुंबईला गेले. तिथे जागेचा प्रश्न आणखी बिकट. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. २०७ इमारती, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्यात एक कुटुंब, शिवाय गावाकडून आलेला भाऊ-भाचा. मुलगे रात्री गॅलरीत, जिन्यात किंवा गच्चीवर पथारी टाकायचे. ज्या जुन्या चाळींत छत उंच होतं तिथे लोकांनी लाकडी पोटमाळे काढले. खाली स्वयंपाक चालायचा आणि वर मॅट्रिकचा अभ्यास. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही बातमी आपण सर्वांनी पाहिली असेल. म्हणजे खोली बदलायला शंभर वर्षं लागली.

रेल्वेने तर साऱ्या देशाला एकावर एक झोपायला शिकवलं. पण दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्या मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ ते ७९ च्या काळात. बँकेच्या बदल्यांमुळे मी दोन्ही प्रकारच्या फळ्यांवर पाठ टेकली आहे, त्यामुळे या माणसाचे उपकार मी विसरत नाही.

आता आपल्या फ्लॅटकडे येऊ. पोटमाळा हा सगळा उंचीचा हिशेब आहे, आणि इथेच आपण जुन्या चाळींपेक्षा गरीब आहोत. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट, असा नियम आहे. बिल्डरनेही तेवढीच दिली. आता मांडा. पलंगाची फळी पाच फुटांवर, तिच्यावर पाच इंचांची गादी. वर उरले ४३ इंच. साडेपाच फुटांचं माणूस मांडी घालून बसलं की त्याला ३४-३५ इंच लागतात, म्हणजे बसता येतं. फळीखालची चौकट धरून खाली उरतात ५६ इंच. खुर्चीवर बसून अभ्यास होतो, पण उभं राहता येत नाही. खाली उभं राहायला मिळावं म्हणून कुणी पलंग सहा फुटांवर नेला, तर वर ३१ इंच उरतात आणि मूल फक्त आडवं पडू शकतं. नऊ फुटांत वर बसा आणि खालीही बसा, एवढंच बसतं. दुकानातल्या फोटोतल्या खोल्या उंच असतात, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट पंख्याची. आपली लहान बेडरूम दहा बाय दहा. पंखा मधोमध, पात्यांचा घेर चार फूट. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून बरोबर तीन फुटांवर, आणि तीन फुटी पलंगाची कडही तिथेच. पातं छताखाली फूटभर लोंबतं, वर बसलेल्या मुलाचं डोकं सव्वाआठ फुटांवर. छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावल्याशिवाय असा पलंग करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुताराला हे सुचत नाही, त्याला विचारावं लागतं.

कठडा मोजायचा तो गादीच्या वरून, फळीपासून नाही. अमेरिकेतल्या नियमात तो गादीच्या वर किमान पाच इंच लागतो, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये असं म्हटलं आहे. नंतर कुणी हौसेने आठ इंची गादी आणली की कठडा नावालाच उरतो. पायऱ्या रुंद घ्या. रात्री झोपेत उतरायचं असतं. लांबी आजच्या मुलाची धरू नका, साडेसहा फूटच करा. आणि खजिनदार म्हणून आठ वर्षं काढलेला माणूस हात जोडून सांगतो, पलंग भिंतीला बांधताना बीम आणि कॉलमला ड्रिल लावू नका.

आमच्या घरी हा पलंग नातीसाठी आहे. ती नववीत आहे, आताच आईच्या वर गेली आहे. लहान बेडरूममध्ये ती आणि आमच्या सौ., मी हॉलमध्ये दिवाणावर. म्हणजे तीही आजीच्याच कुशीला! टेबलाला जागा नाही, म्हणून ती पलंगावर पाय पसरून अभ्यास करते, आणि आजीला उजेडात झोप येत नाही. एका नातेवाइकाने सुचवलं की तुम्ही दोघं गावाला राहा, पोरीला खोली मिळेल. दुसरं म्हणणं असं की ती तीन-चार वर्षांनी शिकायला बाहेर जाईल, पुढे लग्न होईल, मग एवढा खर्च कशाला? मुलगा असता तर हा दुसरा प्रश्न कुणी विचारला नसता, असं मी तिथेच बोललो. माझ्या बहिणी माजघरातूनच सासरी गेल्या, तेव्हाही त्यांना जागा न देण्याचं कारण हेच होतं.

आजी कुठेही जाणार नाही. तिची खाट खिडकीच्या भिंतीला, समोरच्या भिंतीला नातीचा पलंग, मधे चार फूट वाट. टेबल पलंगाखाली, दिवाही तिथेच, त्यावर झाकण, म्हणजे उजेड आजीपर्यंत पोचत नाही. नातीने एकच गोष्ट मागितली आहे: वरच्या बाजूला पडदा. सुतार म्हणतो पडद्याने वारा अडेल. मी त्याला भिंतीवरचा पंखा पडद्याच्या आतल्या बाजूला, पायथ्याशी घ्यायला सांगितला आहे. दिवाळीच्या सुट्टीत काम होईल.