मुखवट्यातला डॉक्टर आणि बेवारस शोक

मंडळी, मागच्या खेपेला आपण फ्रॉइडच्या १९१७ सालच्या निबंधापाशी थांबलो होतो. शोक हे मनाला करावं लागणारं काम आहे, असं तो म्हणतो. पण गेलेला माणूस आपला कोण होता, हेच चारचौघांत सांगता येत नसेल तर? आज आपण त्या प्रश्नाकडे वळू.

२ मे १९७२. डॅलस शहरात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं अधिवेशन. समलैंगिकता तेव्हा संघटनेच्या अधिकृत यादीत विकार म्हणून नोंदलेली होती. व्यासपीठावर रबरी मुखवटा, केसांचा टोप आणि ढगळ सूट घातलेला एक माणूस. समोर आवाज बदलणारा मायक्रोफोन. नाव काय, तर डॉ. एच. अनॉनिमस, म्हणजे डॉक्टर निनावी! आपण समलैंगिक आहोत आणि मनोविकारतज्ज्ञही आहोत, हे त्याला सांगायचं होतं. हा जॉन फ्रायर. याच कारणावरून त्याला पूर्वी एका ठिकाणचं प्रशिक्षण सोडावं लागलं होतं, आणि आताची नोकरीही अजून कायम नव्हती.

१५ डिसेंबर १९७३ रोजी विश्वस्तांनी ती नोंद काढली. श्रेय एकट्या मुखवट्याचं नव्हे. एव्हलिन हूकरबाईंनी १९५७ सालीच दाखवलं होतं की मानसिक चाचण्यांच्या निकालांवरून समलैंगिक पुरुष कोण आणि इतर कोण, हे तज्ज्ञांनाही ओळखता येत नाही.

फ्रायरची ही गोष्ट बहुतेक जण इथंच संपवतात. आम्हांला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मृत्यू आणि शोक हाच त्याच्या कामाचा विषय होता. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांच्या हॉस्पिसमध्ये त्यानं काम केलं. एड्सची साथ आली तेव्हा फिलाडेल्फियात तो रुग्णांना घरीच तपासायचा, बोभाटा नको म्हणून. डॅलसचा डॉ. निनावी तो आपणच, हे मात्र त्यानं जाहीरपणे सांगितलं ते १९९४ साली.

आपल्याकडे सुतक नात्यावर ठरतं. भावकीतला, कधी तोंडही न पाहिलेला माणूस गेला तरी दहा दिवस. वीस वर्षं ज्याच्यासोबत एका छपराखाली काढली, त्याचं एक दिवसही नाही. अशा बेवारस शोकाला केनेथ डोका यांनी १९८९च्या ग्रंथात शास्त्रीय नाव दिलं. 'अफर्मेटिव्ह थेरपी' सुरू होते ती इथून. काहींना वाटतं, म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवायची. छे! समोरच्याला आधी आपलं नातं सिद्ध करायला लावायचं नाही, इतकंच. मग रडणं, राग, अपराधभाव, घर बदलणं, पुन्हा कुणावर जीव जडणं, या सगळ्याची चिकित्सा करायला आपण मोकळे.

भारतात २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, की समलैंगिक जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. त्याला एक अट आहे: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर.