प्रोटॉन जाऊन अंगारा येताना

हिंदीत ‘अंगारा’ म्हणजे धगधगता निखारा; मराठीत हाच शब्द कपाळाला लावायची राख होतो. रशियाच्या नव्या अवजड रॉकेटचे नावही अंगारा आहे, पण त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. बैकाल सरोवराला शेकडो नद्या मिळतात आणि बाहेर पडते ती एकटी अंगारा. लोककथेत ती बैकालची मुलगी. ती येनिसेई नदाकडे पळाली तेव्हा बापाने तिच्या वाटेत खडक भिरकावला. अनुवादक असल्यामुळे मी नावापाशी थांबते. इथे ते थांबणे वाया जात नाही, कारण या रॉकेटच्या जन्मामागेही घर सुटल्याची गोष्ट आहे.

अंगारा ज्याची जागा घेते आहे, ते प्रोटॉन १९६५ साली पहिल्यांदा उडाले. व्लादिमीर चेलोमेई यांनी ते मुळात प्रचंड क्षेपणास्त्र म्हणून आखले होते. पुढे १९७१ मध्ये सल्यूत-१, १९८६ मध्ये ‘मीर’चा मुख्य भाग आणि १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा पहिला भाग त्यानेच वर नेला. त्याची सगळी उड्डाणे कझाकस्तानच्या माळरानावरील बैकोनूर तळावरून झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि हा तळ परदेशात गेला. रशिया आता त्यासाठी वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाडे भरतो.

भाड्याच्या आकड्यात न मावणारी एक गोष्ट आहे. प्रोटॉन हेप्टिल नावाच्या इंधनावर चालते. ते साठवायला सोयीचे, पण विषारी. श्रीहरिकोटाहून उडालेल्या रॉकेटचे रिकामे टप्पे समुद्रात पडतात. बैकोनूरभोवती समुद्र नाही. प्रोटॉनचा पहिला टप्पा उरल्यासुरल्या इंधनासह कझाक माळावरच कोसळतो. २ जुलै २०१३ रोजी तर दिशादर्शक संवेदक उलटे बसवल्यामुळे अख्खे रॉकेट उड्डाणतळाजवळ आदळले आणि शेकडो टन इंधन तिथेच जळले, सांडले.

किर्गिझ लेखक चिंगिझ ऐत्मातोव यांनी या माळाचे दुखणे खूप आधी ओळखले होते. त्यांच्या १९८०च्या रशियन कादंबरीत एक म्हातारा रेल्वे कामगार मित्राचे प्रेत पूर्वजांच्या दफनभूमीकडे नेतो. ती जागा अंतराळतळाच्या कुंपणात गेलेली असते. फाटकावरचा अधिकारी कझाकच, पण कझाक भाषेत बोलायला नकार देतो. रशियनमध्ये बोला म्हणतो. जमिनीबरोबर भाषाही कुंपणात जाते, हे मला त्या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसलेले नाही.

अंगाराची आखणी १९९०च्या दशकात सुरू झाली ती रशियाच्याच भूमीवरून उडण्यासाठी. त्याचा अवजड प्रकार २०१४च्या डिसेंबरात उत्तरेकडच्या प्लेसेत्स्कहून उडाला, नंतर थेट २०२० मध्ये. ११ एप्रिल २०२४ रोजी अतिपूर्वेच्या वोस्तोच्नीहून त्याचे पहिले उड्डाण झाले. सारख्याच बनावटीचे पाच जोडखंड, त्यांत शुद्ध केलेले रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन. पृथ्वीनजीकच्या कक्षेत सुमारे २४ टन भार. हा आकडा प्रोटॉनपेक्षा फार मोठा नाही. फरक पडतो तो खाली. आता टप्पे रशियाच्याच भूमीवर पडतात आणि त्यांत हेप्टिल नसते.

रॉकेटांचा इतिहास बहुधा वर नेलेल्या टनांत लिहिला जातो. पण खाली काय पडले आणि कोणाच्या गवतावर, याचीही नोंद हवी. बैकोनूरचा भाडेकरार २०५० पर्यंत आहे. प्रोटॉन निवृत्त होईल. माळ तिथेच राहणार आहे.