कोचिनीता पिबिल
कोचिनीता पिबिल : मेक्सिकोच्या आग्नेयेकडील युकातान द्वीपकल्पातील डुकराच्या मांसाचा प्रसिद्ध पदार्थ. शेंद्रीच्या बिया, लसूण, मिरे इत्यादींचे वाटण आंबट नारिंगाच्या रसात कालवून त्यात मांस मुरवतात. नंतर ते केळीच्या पानांत गुंडाळून जमिनीतील खड्ड्यात तापलेल्या दगडांवर कित्येक तास मंद शिजवतात. शेंद्रीमुळे त्याला तांबूस-केशरी रंग येतो. खड्ड्यात शिजवण्याची पद्धत माया लोकांची असून ती स्पॅनिश आगमनापूर्वीची आहे. डुकरे व आंबट नारिंग मात्र स्पॅनिश लोकांनी आणली. शहरांत आता बहुधा ओव्हन किंवा झाकणबंद पातेले वापरतात.

शिजलेले मांस कुस्करून मक्याच्या तोर्तियात (पातळ पोळीत) भरतात; सोबत आंबट रसात मुरवलेला लाल कांदा व अतितिखट आबानेरो मिरची असते. युकातान राज्याची राजधानी मेरिदा येथे हा रविवार सकाळचा आवडता खाद्यप्रकार आहे. मेक्सिको सिटीत पोलांको भागातील ‘एल तुरिश’ हे छोटे उपाहारगृह त्यासाठी प्रसिद्ध असून, तेथे टाकोमध्ये (सारण भरलेल्या तोर्तियात) आणि काळ्या घेवड्याचे सारण भरलेल्या तळीव तोर्तियांवर (पानुचो) तो मिळतो. शहराच्या ऐतिहासिक मध्यभागातील ‘कोश हानाल’ येथे इतर युकाती पदार्थांसह तो वाढतात.