चित्राखालचे नाव

दुःख थेट सांगितले की कविता होते, असे तरुणपणी मला वाटे. तो समज उतरला फ्रिडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंची हकिकत वाचून.

१८९८ साली व्हिएन्नात जन्मलेल्या, जर्मनीच्या बाउहाउस कलाशाळेत शिकलेल्या या ज्यू बाईंना नाझींनी डिसेंबर १९४२मध्ये प्रागजवळच्या तेरेझिनला डांबले. सामानात त्यांनी चित्रकलेचे साहित्य नेले होते. तिथे भूक होती, आजार होते आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांची धास्ती होती. बाईंनी मुलांना ‘दुःख काढा’ असे सांगितले नाही. त्यांनी तालावर रेघा मारायला, रद्दी कागदांचे चिकटकाम करायला, फुले न्याहाळायला शिकवले. मग दुःख आपल्या पावलांनी आले. कुणी मागे राहिलेले घर काढले, तर कुणी छावणीतल्या एकावर एक रचलेल्या खाटा. बाईंचा आग्रह एक होता: चित्रावर आपले नाव लिहायचे. छावणीने तर प्रत्येकाला नंबर दिला होता!

ऑक्टोबर १९४४मध्ये बाईंना आउशविट्झला नेऊन मारले. बहुतेक मुलेही मारली गेली. मात्र दोन सुटकेसांत लपवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. बाईंची शिष्या एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कला-उपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरली.

चित्रांनी मुलांचे प्राण वाचवले नाहीत. कलेचे गोडवे गाताना हे विसरू नये. पण आकड्यांत हरवणारी नावे राहिली. आता एखादे मूल मला कविता दाखवायला आले, की मी आधी पाहतो, खाली नाव लिहिले आहे ना?